फर्मा

तिसऱ्या तासाला मठपती सरांनी फळ्यावर
एक चौकट काढली, तिचे तीन मजले केले.
वर नाव, मधे जे आहे ते,
खाली जे करता येतं ते.
म्हणाले, उदाहरण ग्रंथालयाचं नको,
तीच पुस्तकं दरवर्षी पोरं नेतात आणि परत करतात.
घरातलं काहीतरी आणा.

आमच्या घरात विडी आहे.
घरकुलात दार उघडं असलं की आधी वास येतो,
ओल्या पोत्यातली पानं, सुपातली तंबाखू,
मागून कधीतरी वरणाचा.

अम्मा उंबऱ्यात बसून पानावर पत्र्याचा फर्मा ठेवते,
कात्री फिरवते, फर्मा उचलते, पुढचं पान.
मी वही तिच्या गुडघ्याशी सरकवली,
हे बघ, क्लास म्हणजे काय असतं...
तिनं वर न बघता फर्मा दाखवला.
"ह्यो?"
ह्योच.
"आणि ऑब्जेक्ट म्हणतीस ती ही पानं."
एवढ्यासाठी माझे दोन तास गेले होते.
"फर्मा ओढता येत नाही," ती म्हणाली, आणि हसली.

रात्री चौकटी मांडल्या.
कारखाना. कार्ड. कामगार. जुडी. विडी.
जुडी सुटली तरी विड्या राहतात, म्हणून पोकळ हिरा.
विडी आणि तिच्या तोंडाची दुमड, इथं भरीव,
विडी गेली की दुमडही जाते.
मैत्रिणी त्याला शंकरपाळी म्हणतात. मी हिराच म्हटलं,
आमच्या घरात कधी आला होता?

छाट कुठं ठेवावी ते कळेना.
कारकून चिमटीत धरून विड्या बाजूला टाकतो,
ही सैल, ही आखूड,
हजाराच्या नऊशे होतात.
त्या शंभरांचं पुढं काय होतं?
चौकट रिकामी ठेवली,
शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.
हे चिन्ह त्या लिपीत नाही.

सकाळी अम्मानं वही उलटी धरून बघितली, मग सुलटी.
कार्ड आणि कामगार, मधल्या रेघेवर बोट.
"इथं काय लिवलंय?"
इकडं एक, तिकडं एक.
एका कार्डाला एक कामगार.
"खोटं."
कार्डावर नाव एकच आहे ना, तुझं?
"नाव एकच आहे."
तिनं सूप खाली ठेवलं. असं ती दिवसाउजेडी करत नाही.
"पान कापते मी. वळते तुझी आत्ती.
कॉलेजातनं आलीस की दोरा तू बांधतीस.
मग हजार कुणाच्या?"

मी एक खोडला.
एक, दोन टिंबं, चांदणी असं लिहिलं.
म्हणजे कमीत कमी एक, पुढं मोजलेलं नाही.
त्या चांदणीत आत्ती मावली,
पुरती न उघडणाऱ्या बोटांसकट.
मीही मावले, जर्नल पुरं करायचं राहिलेलं असताना.

सर आकृतीकडं बराच वेळ बघत होते.
म्हणाले, नियमानं इथं एकच पाहिजे.
मग म्हणाले, आकृती नियमाची काढायची की घराची,
हे आधी ठरवावं लागतं.
दहापैकी सात दिले.
दोन रिकाम्या चौकटीचे कापले, एक प्रश्नचिन्हाचा.
छाट, मी मनात म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ऑब्जेक्टची आकृती.
तिथं आधी माणसाचं नाव, मग दोन टिंबं, मग क्लास,
आणि सगळ्याच्या खाली रेघ.
नरसव्वा : कामगार
यादम्मा : कामगार
श्रीलता : कामगार
मी पट्टी लावून तीन रेघा मारल्या.

"रेघ कशाला? चुकलं का काय?"
नाही गं. रेघ नसली तर नुसता फर्मा.
रेघ असली की कुणीतरी आहे.

अम्मानं कात्री थांबवली, बघितलं.
"मग माझी जरा जाड मार," म्हणाली,
"आणि आतनं दोरा आण, संपलाय."